दिवाळीनंतर सहा जण परत आलेच नाहीत

भोसरी एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. चार सीएनसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या) लेथ, दोन व्हीएमसी (प्रोग्रामवरच चालणाऱ्या मिलिंग मशीन) आणि कोपऱ्यात बाबांनी १९९४ ला घेतलेली जुनी सेंटर लेथ. पिन, बुश, छोटे शाफ्ट असले टर्निंगचे पार्ट करतो, सगळं जॉबवर्क, म्हणजे कस्टमर कंपन्यांच्या ऑर्डरप्रमाणे. २०१८ ला बाबांची बायपास झाली तेव्हापासून शॉप मी बघते, त्याआधी मी वर केबिनमध्ये बसून बिलं आणि जीएसटी बघायचे, बीकॉम आहे मी, खाली मशीनवर काय चाललंय ते आवाजावरून जेवढं कळेल तेवढंच कळायचं.

२०२१ च्या दिवाळीला बोनस वाटला, मिठाईचे बॉक्स दिले, सगळे गावी गेले. ९ नोव्हेंबरला शॉप उघडलं तर पंधरापैकी नऊच जण आले. दिवाळीनंतर दोन-चार खाडे होतातच, कुणाचं सोयाबीन निघायचं असतं, कुणाच्या बहिणीचं लग्न ठरतं, त्यामुळे दोन दिवस मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की आमचे सेटर काका, ११ वर्षं आमच्याकडे होते, ते चाकणच्या एका शॉपला लागले आणि जाताना दोन ऑपरेटर पण बरोबर घेऊन गेले. उरलेले तिघं फोनच उचलत नव्हते.

सेटर गेला म्हणजे काय होतं ते ज्यांचं शॉप नाही त्यांना पटकन लक्षात येणार नाही. ऑपरेटर जॉब म्हणजे करायचा पार्ट मशीनला लावतो, सायकल स्टार्ट करतो, जॉब काढतो, मोजतो. पण एक पार्ट संपून दुसरा लावायचा तर चकचे जॉ (जॉब पकडणारे जबडे) बदलायचे, टूल लावायचे, ऑफसेट घ्यायचे म्हणजे प्रत्येक टूलचं माप मशीनमध्ये घालायचं, पहिला पीस मापात आणायचा, हे सगळं सेटर करतो. आमच्या साठ-सत्तर पार्टचं सेटिंग काकांच्या डोक्यात आणि त्यांच्या एका निळ्या डायरीत होतं. प्रोग्राम मशीनमध्ये होते पण कुठला टूल होल्डरच्या बाहेर किती ठेवायचा, कुठल्या पार्टला चकचं प्रेशर कमी करायचं नाहीतर बुश ओव्हल होतो, हे सगळं डायरीत. आणि डायरी त्यांचीच होती, ती त्यांच्याबरोबर गेली. दोन मशीन आठ दिवस बंद राहिल्या, एका कस्टमरचा माल मी दुसऱ्या शॉपकडून जास्त रेटने करून घेऊन पाठवला.

बाबा म्हणाले, माणसं टिकत नाहीत हल्ली. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय, एमआयडीसीत चार मालक चहाला भेटले की हेच बोलतात, शिकवलं की पळून जातात म्हणून शिकवायचंच नाही असंही बोलतात. मला त्या आठवड्यात इतका राग आला होता की मीही तेच बोलले असते, पण रात्री हजेरीचं रजिस्टर काढून बसले आणि मोजलं तर तीन वर्षांत १९ माणसं सोडून गेली होती. १५ माणसांच्या शॉपमधून १९! मग वाटलं की सगळेच वाईट कसे असतील.

मग मी एक केलं जे आधी करायला पाहिजे होतं. गेलेल्यांना फोन लावले. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी असते, तसे दोन-तीन गुरुवार बसून एकेकाला फोन केला. परत या म्हणायला नाही हं, हे पहिल्याच वाक्यात सांगायचे, फक्त विचारते की का गेलास, खरं सांग, मला राग येणार नाही. १९ पैकी ११ जण बोलले. मला वाटलं होतं सगळे पगार म्हणतील. पगार म्हणणारे होतेच, कुणाला हजार जास्त मिळाले कुणाला दोन हजार. पण लातूरचा एक मुलगा म्हणाला, ताई, तिसऱ्या वर्षीही मी बटणच दाबत होतो. मी विचारलं म्हणजे काय, तर म्हणाला, काका ऑफसेट घालायला आले की स्क्रीनपुढे पाठ करून उभे राहायचे, आम्हाला दिसू नये म्हणून. मी काय शिकणार होतो तिथं. दुसरा म्हणाला, बापाच्या ऑपरेशनला उचल मागितली होती तर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात की मागची फिटली का, दिली नंतर तुम्ही, पण तसं बोलायला नको होतं. मला ते आठवतही नव्हतं. त्याला तीन वर्षांनी शब्द न् शब्द आठवत होता. मी माफी मागितली, तो म्हणाला जाऊ द्या ताई, पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते.

काकांनाही फोन केला शेवटी. ते म्हणाले मला कुणी कधी विचारलं नाही की डायरीत काय आहे. आणि मी सगळ्यांना शिकवलं असतं तर तुम्ही मला ठेवलं असतंत का? याचं उत्तर मला देता आलं नाही. बाबांच्या काळात एका सेटरला असंच काढलं होतं, स्वस्तातला तयार झाला म्हणून, आणि काकांनी ते बघितलं होतं. म्हणजे डायरी लपवून ठेवायचं कारण आम्हीच दिलं होतं.

भरती करायची तर होतीच. आधी आम्ही काय करायचो, गेटवर बोर्ड लावायचा "ऑपरेटर पाहिजे", नाहीतर कंत्राटदाराला फोन करायचा आणि तो पाठवेल ते घ्यायचे. यावेळी एका आयटीआयमध्ये गेले, टर्नर आणि मशिनिस्ट ट्रेडच्या मुलांना भेटले, तिथल्या सरांनी खूप मदत केली. ११ मुलं शॉपवर आली. इंटरव्ह्यूला काय विचारायचं मला माहीतच नव्हतं, स्वतःबद्दल सांगा वगैरे विचारून काय कळणार, हिंगोली-नांदेडकडची अठरा-एकोणीस वर्षांची मुलं, खाली मान घालून बसलेली. मग मी आमच्या जुन्या ऑपरेटरशी बोलले (त्यांना सगळे अण्णा म्हणतात, नऊ वर्षं एकाच मशीनवर, त्यांच्याबद्दल पुढे सांगते) आणि त्यांनी एक रिजेक्ट पिन शोधून दिली. ड्रॉइंगवर व्यास २४.९८, पिन एका टोकाला २४.९८ आणि दुसऱ्या टोकाला २४.९३, म्हणजे टेपर आलेला. प्रत्येकाला ड्रॉइंग, पिन आणि मायक्रोमीटर दिला आणि सांगितलं पाच ठिकाणी मोज आणि लिही.

आठ जणांनी पाचही ठिकाणी २४.९८ लिहिलं. एकाने मायक्रोमीटरचं रॅचेट (दाब ठराविकच ठेवणारी टोकाची खुंटी) न वापरता थिंबल पिळून पिळून बसवला. दोघांनी टेपर पकडला. त्यातला हिंगोलीचा एक पोरगा कागद देताना म्हणाला, मॅडम माझं काहीतरी चुकतंय, माप वेगवेगळं येतंय, परत मोजू का? त्याला तिथेच घेतलं. ज्यांनी टेपर सोडला त्यातल्याही तिघांना घेतलं नंतर, कारण मोजायला शिकवता येतं, पण दिसलं ते लिहायची हिंमत त्या दोघांकडे आधीच होती आणि ते मला फार मोलाचं वाटलं. अजून हीच टेस्ट घेते.

त्यांना अप्रेंटिस म्हणून घेतलं, १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली पोर्टलवर रजिस्टर करून. ३० किंवा जास्त माणसं असतील तर घ्यावेच लागतात, आमच्यासारख्या छोट्यांना ऐच्छिक आहे. आयटीआय झालेल्याला तेव्हा किमान स्टायपेंड ७,००० होता, त्यातले २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५००, सरकार द्यायचं. आम्ही १०,००० दिले कारण भोसरीत खोलीभाडं आणि मेस भरून सात हजारात कोण राहणार, आणि घरी दोन पैसे पाठवायचे असतातच त्यांना.

शिकवायचं कसं हा मोठा प्रश्न. सेटर तर नव्हता. एक पारनेरचे ऑपरेटर होते, बारावी नापास, कधी पुढेपुढे न करणारे, त्यांनी काकांची पाठ वाचता वाचता बरंच उचललं होतं. त्यांना सेटर केलं. पहिले दोन महिने एकेका सेटिंगला तीन-तीन तास जायचे, मी कस्टमरच्या शिव्या खायचे, पण ठरवलं होतं की प्रत्येक सेटिंग झालं की त्याचा कागद करायचा. टूल कुठल्या स्टेशनला, होल्डरबाहेर किती मिलिमीटर, चकचं प्रेशर, जॉ कुठले, पहिल्या पीसची मापं. मोबाईलवर फोटो काढायचे, प्रिंट काढून लॅमिनेट करून मशीनला अडकवायचे. टायपिंग मी करायचे, ते बोलायचे. मी शॉप बघायला लागून तीन वर्षं झाली होती पण खरं काम मला त्या दोन महिन्यांत कळलं. वर्षभरात ५४ कागद झाले आणि सेटिंग दीड तासाच्या आत आलं.

भिंतीवर स्किल मॅट्रिक्स लावला. हा कागद सगळ्या शॉपमध्ये असतो, डावीकडे नावं, वर मशीन, आणि प्रत्येक चौकोनात एक गोल, चार भाग केलेला. एक भाग भरला म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. कस्टमरचे ऑडिटर हा बघतातच. आमच्याकडे तो ऑडिटच्या आदल्या रात्री मी केबिनमध्ये बसून भरायचे, कुणाला काय येतं ते न विचारता. याची मला आज लाज वाटते. आता तो खाली शॉपमध्ये आहे, पेनने भरतो, आणि गोलाचा भाग भरायचा तर त्या मुलाने ते काम सेटरसमोर करून दाखवायचं. पोरं येता-जाता बघतात. स्वतःच्या नावापुढचा गोल पूर्ण काळा झाला की घरी फोटो पाठवतात.

त्याच हिंगोलीच्या मुलाने ऑगस्टमध्ये मशीन ठोकली. तिसरी पाळी, पहाटे तीनच्या सुमारास बोरिंग बार (भोक आतून कापायचं टूल) तुटला, त्याने दुसरा लावला, ऑफसेट घेतला आणि तीन नंबरच्या टूलचं माप पाच नंबरच्या ओळीत घातलं. सायकल स्टार्ट केलं आणि पाच नंबर टूल रॅपिडमध्ये, म्हणजे पूर्ण वेगात, जाऊन चकवर आदळलं. टरेटचं (सगळे टूल बसवलेलं फिरतं डोकं) अलाइनमेंट गेलं, सर्व्हिस इंजिनियर, पार्ट सगळं धरून ४२,००० खर्च आणि मशीन तीन दिवस बंद. सकाळी मी पोचले तोवर तो निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही, फोन बंद.

बाबा म्हणाले हप्त्याने पगारातून काप नाहीतर काढून टाक, नाहीतर सगळे सोकावतील. पारनेरचे सेटर आणि मी त्याच्या खोलीवर गेलो. दहा बाय बाराची खोली, पाच पोरं, दोरीवर कपडे, कोपऱ्यात स्टो. मला बघून उभा राहिला आणि रडायलाच लागला. ताई पैसे कापून घ्या पण काढू नका, घरी सांगितलंय मी की सेटर होणार आहे. मी म्हटलं पैसे कापायला नाही आले, काय झालं ते मला सांग. तेव्हा कळलं की त्या रात्री पाळीत तो एकटाच होता ज्याला ऑफसेट घेता येत होता, आणि तोही आम्ही नीट तपासून घेतलेला नव्हता, गोलाचे दोनच भाग भरले होते. दोन भाग म्हणजे देखरेखीखाली. देखरेख करणारं कुणी आम्ही ठेवलंच नव्हतं. चूक त्याच्या बोटाची होती पण पाळी मी लावली होती.

पैसे कापले नाहीत. नियम बदलले. होल्डर बदलला की दुसऱ्या माणसाने स्क्रीनवरची ओळ मोठ्याने वाचायची मगच पुढे, पहिला पीस सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रामची एकेक ओळ थांबून थांबून) आणि रॅपिड २५ टक्क्यांवर, आणि रात्री तीन भाग भरलेला एक तरी माणूस पाळीत पाहिजे, नसेल तर त्या मशीनवर सेटिंगचं काम नाही, चालू पार्ट चालवायचा. हे करून प्रॉडक्शन थोडं कमी झालं, झालं तर झालं. त्यानंतर मशीन ठोकली गेली नाही असं नाही, दोनदा झालं, पण दोन्ही वेळा पोरांनी तिथेच थांबून मला रात्री फोन केला.

पगाराचं सांगते. चार पायऱ्या केल्या, ऑपरेटर, मोजमाप आणि लाइन इन्स्पेक्शन येणारा ऑपरेटर, असिस्टंट सेटर, सेटर, आणि प्रत्येक पायरीचा पगार कागदावर लिहून मॅट्रिक्सशेजारी लावला. मला वाटलं सगळे खूश होतील. अण्णांनी तो कागद वाचला आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. नऊ वर्षं तो माणूस एका मशीनवर, त्याच्या मशीनचं रिजेक्शन जवळजवळ शून्य, कधी खाडा नाही, आणि माझ्या कागदाप्रमाणे दोन वर्षांचं पोर त्यांच्या पुढे जाणार होतं. चार महिने ते माझ्याशी कामापुरतं बोलायचे. मी दोनदा केबिनमध्ये बोलावून समजावलं की तुम्हीही शिका, मी शिकवते. शेवटी ते म्हणाले, ताई मला नाही शिकायचं आता, मला माझं मशीन नीट चालवू द्या, आणि ते नीट चालवतो याची किंमत तुमच्या कागदात कुठे आहे ते दाखवा.

नव्हतीच. प्रगती म्हणजे वरच चढायचं असं मी धरून चालले होते. काही माणसं एका जागी उभी राहून शॉप सांभाळतात, आणि सगळेच सेटर झाले तर चालवणार कोण. कागद फाडून परत केला, वर्षाला ठराविक वाढ आणि सलग तीन महिने रिजेक्शन ठरलेल्या आकड्याखाली राहिलं तर वेगळी रक्कम. हे आधीच अण्णांना विचारून केलं असतं तर चार महिने वाचले असते.

पीएफचा विषय निघाला तेव्हा शॉपमध्ये पहिल्यांदा खरं भांडण झालं. ईएसआय म्हणजे कामगार विमा आमच्याकडे होताच, दहा माणसांना लागू होतो. पीएफ २० ला लागतो, आणि एकदा लागला की नंतर माणसं कमी झाली तरी सुटत नाही, म्हणून एमआयडीसीत कितीतरी मालक एकोणीसवर थांबतात, ऑर्डर असली तरी विसावा माणूस घेत नाहीत. आम्हीही तेच करत होतो. मी ठरवलं की आपण होऊन घ्यायचा, तसं घेता येतं, मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असतील तर. पण कामगारच तयार नव्हते. १५,००० वर १२ टक्के म्हणजे १,८०० हातातले जाणार. ताई तुमचा आमचा दोन्ही हिस्सा हातातच द्या, असं सगळ्यांचं म्हणणं. मी तीन वेळा मीटिंग घेतली, कुणी ऐकेना. पटलं ते वेगळ्याच कारणाने. आमच्याकडून गेलेला एक मुलगा मोठ्या कंपनीत इंटरव्ह्यूला गेला, तिथे त्याला यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, विचारला, आधीच्या नोकरीचा पुरावा म्हणून, आणि त्याच्याकडे काहीच नव्हतं, आमच्याकडची दोन वर्षं कागदावर झालीच नव्हती. त्याने हे पोरांना सांगितलं. मी पहिल्या सहा महिन्यांसाठी हातातला पगार ९०० ने वाढवला, म्हणजे फटका अर्धा, आणि एप्रिल २०२३ पासून पीएफ सुरू झाला. सोपं नव्हतं, माझा महिन्याचा खर्च चांगलाच वाढला, दोन महिने मी स्वतः पैसे काढले नाहीत घरासाठी.

बाबांचा प्रश्न राहिलाच, शिकवलं की जातात त्याचं काय. जातात. हिंगोलीचा मुलगा गेल्या वर्षी रांजणगावच्या कंपनीत लागला, पगार आमच्यापेक्षा बराच जास्त, कॅन्टीन, बस. मी त्याला थांब म्हटलं नाही. पण त्याने दीड महिना आधी सांगितलं, आणि जायच्या आधी दोन नव्या मुलांचे गोल तीन भागांपर्यंत आणून दिले. २०२१ ला काका गेले तेव्हा दोन मशीन आठ दिवस बंद होत्या. हा गेला त्या सोमवारी एकही मशीन बंद नव्हती. बाबांना मी हे दाखवलं, ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी खाली जाऊन मॅट्रिक्ससमोर चष्मा लावून बराच वेळ उभे होते.

मागच्या दिवाळीनंतर १८ पैकी १७ आले. एकाचं लग्न होतं, तो आठ दिवसांनी आला.

यावर्षी जूनमध्ये दोन मुली घेतल्या, आयटीआय मशिनिस्ट. त्याआधी वेगळं टॉयलेट आणि कपडे बदलायची खोली बांधली, ती नव्हती म्हणूनच इतकी वर्षं मुली घेतल्या नव्हत्या, दुसरं काही कारण नव्हतं आणि ते आधी सुचलंही नव्हतं. सध्या पहिल्याच पाळीत आहेत. एकीला बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचा) धरता येत नव्हता, गेज तिरका जायचा आणि माप उड्या मारायचं. मी सेटरना सांगणार होते, तर गेल्या बुधवारी बघितलं की अण्णा स्वतःची मशीन थांबवून तिच्या शेजारी उभे आहेत, गेज हलकेच पुढे-मागे डोलवून काटा कुठे वळतो ते दाखवतायत, तोच आकडा खरा म्हणून सांगतायत. नऊ नाही, आता बारा वर्षं झाली त्यांना आमच्याकडे, इतक्या वर्षांत कुणाला काही शिकवलं नव्हतं. गुरुवारची सुट्टी होऊन शुक्रवारी आले तर मॅट्रिक्सवर तिच्या नावापुढच्या गोलाचा दुसरा भाग भरलेला होता, आणि शेजारी अण्णांची सही.